मैदानावर ओजसला शोधू नका

पुणे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी रात्री मी नागपुरात पोचते आणि रविवारी सकाळी आपण तिघंही मानकापूरच्या स्टेडियमवर बँड स्पर्धेत ओजसच्या शाळेचं पथक बघायला जातो, एवढं ठरलंच आहे. पण 'आम्ही तिथं नेमकं काय बघायचं?' हा बाबांचा प्रश्न आणि 'घरून काय काय लागेल?' हा आईचा, दोन्हींची उत्तरं फोनवर अर्धवट राहिली. म्हणून सवडीनं लिहिते. वाचून झालं की पत्र ओजसच्या हाती पडू देऊ नका. स्पर्धा आठवड्यावर आली असताना त्याला आणखी एका माणसाचे सल्ले नकोत. त्याचे बँड मास्तर सांगतील ते त्याच्यासाठी खरं, आत्या सांगेल ते नाही.

आधी वाद्याचं बघू. मास्तरांनी त्याला ड्रमचं वरचं पान, म्हणजे ज्यावर काठी पडते तो पडदा, घरून बदलून आणायला सांगितलंय म्हणे. हे काम माझ्यासाठी राखून ठेवू नका. नवं पान चढवल्यावर दोन-तीन दिवस ताण खात बसत राहतं. शनिवारी रात्री चढवलेलं पान रविवारी मैदानावर उतरणार हे नक्की. बाबा, तुम्ही तबल्याचे गट्टे ठोकून पुडी सुरात आणलेली आहे, तोच हिशेब इथंही आहे. फक्त हातोडीच्या जागी किल्ली.

त्याचा साइड ड्रम १४ इंची आहे, ८ बोल्टांचा. जुनं पान काढलं की ड्रमची कड कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. तिथं कचरा राहिला तर पान सपाट बसत नाही. नवं पान, त्यावर कडं, मग आठही बोल्ट नुसत्या बोटांनी लागतील तेवढे लावा. त्यानंतर किल्ली. ओळीनं एकामागून एक बोल्ट कधीच पिळायचे नाहीत, कडं एका बाजूला ओढलं जातं. समोरासमोर जायचं: १ मग ५, ३ मग ७, २ मग ६, ४ मग ८. पहिल्या दोन फेऱ्यांत अर्धा-अर्धा वेढा, पुढे पाव-पाव. मध्येच एकदा तळहात पानाच्या मधोमध ठेवून नीट दाबा. कडेला कडकड असा आवाज येईल, घाबरू नका, पान कड्यात बसून राहिलं आहे. शेवटी प्रत्येक बोल्टापासून एक इंच आत काठीनं हलकेच टिचकी मारत फिरा. आठही ठिकाणी एकच स्वर यायला हवा. एखादा चढा लागला तर बाकीचे सात त्याच्यापर्यंत चढवत बसू नका, तो एकच उतरवा. ही टिचक्यांची फेरी रोज एकदा, शुक्रवारपर्यंत. बोल्ट कुरकुरत असतील तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पेचात टाका. पानावर सांडू देऊ नका.

खालच्या पानाला मात्र हात लावायचा नाही. ते वरच्यापेक्षा खूप पातळ असतं, अंगठ्यानं दाबलं तरी खड्डा पडतो. त्याला टेकून ज्या तारा असतात त्यांच्यामुळे साइड ड्रमचा तो 'खर्र' आवाज येतो. बाजूच्या खटक्यानं तारा पानाला लागतात किंवा सुटतात. फार आवळल्या तर आवाज घुसमटतो, पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखा येतो. ढिल्या असल्या तर काठी उचलल्यावरही तारा झिणझिणत राहतात. एक गंमत अशी, की शेजारी कुणी ट्रम्पेट वाजवला तरी त्या आपोआप थरथरतात. म्हणून पाहुण्यांचं भाषण चालू असताना खटका खाली करून ठेवायचा असतो. हे जी मुलं विसरतात त्यांचे ड्रम भाषणभर पुटपुटत राहतात. ऐका तुम्ही रविवारी.

पान प्लास्टिकचं आहे ना, एकदा खात्री करा. चामड्याचं असेल तर सगळा हिशेब बदलतो. पहाटेच्या दवानं चामडं सैल पडतं आणि अकराच्या उन्हात पुन्हा आखडतं. सकाळी सातला जुळवलेला ड्रम त्याची पाळी येईपर्यंत भलत्याच सुरात गेलेला असतो. प्लास्टिकला दमट हवेचं काही वाटत नाही.

काठ्यांच्या दोन जोड्या हव्यात. दुकानातून आणलेली जोडी नेहमी जुळलेली असते असं नाही. जेवणाच्या टेबलावर घरंगळून बघा; वाकडी असेल ती टेबलावर उड्या मारत जाते. मग दोन्ही काठ्या एकाच जागी आपटून ऐका. एकीचा आवाज जाड, दुसरीचा बारीक आला तर डाव्या-उजव्या हाताचे ठोकेही वेगळे ऐकू येतील.

आई, तो संध्याकाळी स्टुलावर रबराची चटई टाकून 'टकटक करून राहतो' अशी तुझी तक्रार होती. तो जे घासतोय त्याला डबल स्ट्रोक रोल म्हणतात: उजवा-उजवा, डावा-डावा, पुन्हा उजवा-उजवा. शिकवताना याला चक्क 'मम्मी-डॅडी' म्हणतात, कारण हळू वाजवताना तोंडानं तसंच म्हणता येतं. अवघड असतो तो दुसरा ठोका. पहिला मनगटानं मारलेला, दुसरा नुसता उसळीवर आलेला, म्हणून तो दुबळा पडतो. दोन्ही सारख्या वजनाचे येईपर्यंत हळूच वाजवावं लागतं. घाईनं वेग वाढवला की रोलचा नुसता भरडा होतो. तेव्हा टकटक संथ ऐकू आली तर पोरगं कंटाळा करतंय असं समजू नको. संथ वाजवतोय म्हणजे नीट चाललंय.

कपड्यांचं तू बघशीलच, पण दोन गोष्टी लक्षात ठेव. नवे बूट घेतले असतील तर ते आजपासून रोज तासभर घरात घालू दे. नाहीतर मैदानावर टाच सोलते आणि पाऊल लंगडं पडतं. शिवाय तळवा गुळगुळीत असेल तर दवानं ओल्या गवतावर वळताना घसरतो. तळवे जुन्या विटेवर घासून थोडे खरबरीत करून दे. दुसरं म्हणजे पांढरा पट्टा. ड्रमचा आकडा ज्या कडीत अडकतो ती कडी वाजवताना उघडू शकते. तिला नाड्याचा एक तुकडा दुहेरी बांधून ठेव, म्हणजे आकडा निसटला तरी ड्रम पायावर पडणार नाही. पट्ट्याची लांबी आजच ठरवा. हात मोकळा सोडून कोपर काटकोनात वाकवला की काठीचं टोक पानाच्या मधोमध यावं. त्याच्या शाळेत ड्रम डाव्या मांडीवर तिरका टांगतात, म्हणून त्याची डावी काठी पालथ्या हातात नसून उताण्या हातात असते. ती पद्धतच तिरक्या ड्रमसाठी निघाली. ज्या शाळांचे ड्रम खांद्यावरच्या सांगाड्यात सपाट बसतात त्यांची मुलं दोन्ही हात पालथे धरतील. दोन्ही बरोबरच, त्यावरून वाद नको.

रविवारी सकाळी पोहे दे, पण तर्री नको. आपल्याला कितीही आवडली तरी नको. त्यातून फुंकणारी मुलं असतील तर त्यांना खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायलाच लाव, नाहीतर कण ट्रम्पेटच्या नळीत जातात आणि बटणं अडकतात. उपाशीपोटी मात्र कुणालाच पाठवू नको. याचं कारण पुढे येतं.

आता बाबांचा प्रश्न.

सदर, छावणी ओलांडून कोराडी रोडला लागायला रविवारीही वेळ लागतो, म्हणून आठला निघू. पोचल्यावर सगळे पालक धावत पुढच्या पायरीवर जातात. आपण वर जायचं, मधोमध, आणि शक्य तर सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला. खाली बसलं की पहिली रांग दिसते आणि बाकीचं पथक तिच्यामागे लपतं. वरून रांगा, मधली अंतरं, तिरपे कोन, सगळं दिसतं. बाबा, कानातलं यंत्र लावूनच या, पण पथक अगदी समोर आलं की आवाज कमी करा. साइड ड्रम आणि बेस ड्रम (तो मोठा ढोल) एकत्र आले की यंत्रात नुसता खरखराट होतो. पायऱ्या चढताना कठड्याची बाजू घ्या.

आणि एक विनंती: ठेक्यावर टाळ्या नकोत. हट्टानं लिहिते आहे, कारण सगळं स्टेडियम नेमकं हेच करतं. पथक मिनिटाला १२० पावलांनी चालतं, म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आपण पथकापासून ७० मीटरवर असलो तर ड्रम आपल्या कानी ०.२ सेकंद उशिरा येतो. आपण त्यावर अगदी बिनचूक टाळी दिली तरी ती परत पोचायला आणखी ०.२. म्हणजे डाव्या पायाला दिलेली टाळी मुलांच्या कानावर जवळजवळ उजव्या पायाच्या तोंडावर आदळते. समोर हजार माणसं असं करतात तेव्हा मागच्या रांगेतल्या लहान पोरांचे पाय फिरतातच. टाळ्या वाजवायच्या त्या पथक थांबल्यावर.

याच कारणानं वरून बघताना पाऊल आधी पडलेलं दिसतं आणि ठोका मागून ऐकू येतो. 'बघा, ताल चुकला' असं शेजारचे गृहस्थ म्हणतील. म्हणू द्या. पाय आणि आवाज यांची तुलना करायचीच नाही. पायाची तुलना दुसऱ्या पायाशी करायची.

पथक उभं राहिलं की सगळ्यात पुढे दंड घेतलेला बँड मेजर असतो. त्याचा हुकूम हिंदीतून येईल, एन.सी.सी.च्या कवायतीसारखा: 'तेज चल'. पाऊल निघताना ड्रमवर दोन रोल येतात, प्रत्येक तीन पावलांचा, आणि त्यानंतर लगेच धून. हे दोन रोल नीट ऐका. पथकाची अर्धी परीक्षा तिथं होते. सगळे ड्रम एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी तुटले तर आठ ड्रमांचा एक ड्रम ऐकू येतो. नाहीतर तव्यावर वाटाणे पडल्यासारखं.

बेस ड्रमकडे मात्र पूर्ण वेळ लक्ष ठेवा. तो दिसायला सोपा आणि प्रत्यक्षात सगळ्यात जोखमीचा. त्याचा मुख्य ठोका डाव्या पायावर पडतो आणि सगळं पथक त्यावर चालतं. ट्रम्पेटवाल्याचा एक स्वर गेला तर तो झाकला जातो. बेस ड्रमवाला पाव सेकंद घाईत आला तर तीस-पस्तीस मुलांचे पाय घाईत येतात. जोरात वाजवताना वेग वाढतो आणि हळू वाजवताना कमी होतो, हा माणसाच्या हाताचा स्वभाव आहे, तो मोडायला वर्ष जातं. धून संपवायची खूणही बरेचदा त्याचीच असते: दोन जोड ठोके. ते ऐकू आले की दोन-चार पावलांत संगीत बंद व्हायला हवं. एखादी बासरी पुढे एकटीच वाजत राहिली तर समजा तिनं खूण ऐकली नाही.

आई, बिगुलाचं तुला पेटीवर वाजवून बघता येईल. त्याला ना भोक ना बटण. ओठांच्या ताणावर जेवढे स्वर निघतील तेवढेच: सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प. पाचच. रे, म, ध, नी त्यात नाहीतच, म्हणून बिगुलावर धून नसते, नुसती पुकार असते. धून ट्रम्पेट आणि बासऱ्या सांभाळतात. ट्रम्पेटची तीन बटणं नळी लांबवतात: मधलं बटण सूर अर्ध्या स्वरानं उतरवतं, पहिलं एका स्वरानं, तिसरं दीड स्वरानं. बाकी सगळं काम ओठांचं. सकाळच्या थंडीत ही वाद्यं उतरलेली असतात आणि उन्हात चढतात, तेव्हा पहिल्या-दुसऱ्या पाळीच्या शाळा बेसूर वाटल्या तर थोडी दया असू द्या.

सगळ्यात बघण्यासारखं असतं ते वळण. पाच जणांची एक रांग काटकोनात वळते असं धरा, दोघांमधलं अंतर सव्वा मीटर. आतला मुलगा वळणाच्या मध्यापासून एक मीटरवर असेल तर त्याला दीड मीटरच्या आसपास चालायचं असतं. बाहेरच्याला जवळजवळ साडेनऊ मीटर. दोघांनाही पावलं तेवढीच, समजा १२. म्हणजे बाहेरचा पूर्ण ७८ सेंटिमीटरची ढांग टाकतो आणि आतला १३ सेंटिमीटर सरकतो, जवळपास कदमतालच. मधल्या तिघांनी याच्या अधेमधे आपापलं माप धरायचं. मान न वळवता, नुसत्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून, आणि हात वाजवत असताना. चूक कायम एकाच जागी होते: आतला थांबत नाही, पुढे जातो, आणि रांग केळीसारखी वाकते. बाहेरचा धावला असं लोकांना वाटतं. तो बिचारा आतल्याची चूक भरून काढत असतो.

काउंटर मार्चमध्ये पथक स्वतःच्याच अंगातून उलटं परत येतं. जाणाऱ्या रांगांच्या फटीतून येणाऱ्या रांगा जातात. खालून बघणाऱ्याला नुसती गर्दी दिसते. वर बसायचं मुख्य कारण हेच.

कुणाचा पाय चुकला तर तो 'कदम बदल' करतो, अर्ध्या पावलाची एक चपळ उडी. चुकला याचं वाईट वाटू देऊ नका. किती लवकर सुधारला ते बघा. काठी हातून निसटली तर ती उचलायला वाकायचं नाही, हा नियम आहे. मागचा मुलगा अंगावर येईल. पट्ट्यात खोचलेली जादा काठी काढायची, नाहीतर एका हातानं वाजवत पुढे जायचं. म्हणून तर दोन जोड्या. आपल्या शेजारून 'अरेरे' असा आवाज नक्की उठेल, आपला त्यात नसावा.

आता उपाशीपोटाचं कारण. स्पर्धेतली मुलं घेरी येऊन पडतात ती चालताना नाही, उभं राहून. निकाल आणि भाषणं यांत अर्धा-पाऊण तास सावधानमध्ये गुडघे ताठ करून उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पोचतं, आणि मूल काठीसारखं कोसळतं. त्याला आजच सांगून ठेवा: गुडघे किंचित सैल, बुटाच्या आत बोटं हलवत राहायची. कुणाला दिसतही नाही. आपल्याजवळ कुणी पडलं तर उठवून बसवायची घाई नको. उताणं झोपवा, पाय फूटभर वर धरा, कॉलर, पट्टा, टोपीची हनुवटीखालची दोरी सैल करा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. बायका गर्दी करून वारा अडवतात, त्यांना बाजूला करायचं काम आई, तुझं. तुला कुणी नाही म्हणत नाही.

निकालाचं फार मनावर घेऊ नका. परीक्षक वादन, कवायत, गणवेश आणि बँड मेजर असं वेगवेगळं बघतात आणि प्रत्येक स्पर्धेचं गुणपत्रक निराळं असतं. ब्रास (पितळी वाद्यांचे) आणि पाइप (बॅगपाइपचे) बँड तर एका तागडीत घालायलाच नकोत. दिल्लीला प्रजासत्ताक दिनाआधी शिक्षण मंत्रालयाची राष्ट्रीय शालेय स्पर्धा होते, तिथंही मुलांचा ब्रास, मुलींचा ब्रास, मुलांचा पाइप आणि मुलींचा पाइप असे चार वेगळे गट आहेत. रविवारी सगळे एकत्र असले तर निकालावर कुरबुर होणारच. ती ऐकायची, चहा प्यायचा, घरी यायचं.

माझंही पथ्य लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही मला आठवण द्याल. माजी वादकानं मुलांच्या तयारीच्या जागी पाळीआधी जायचं नसतं. बोल्टाला हात लावायचा नसतो. 'आमच्या वेळी' हे शब्द मास्तरांसमोर काढायचे नसतात. ट्रकमधून बेस ड्रम उतरवायला माणूस कमी पडला, पाण्याचे कॅन न्यायचे असले, तर विचारून हात लावायचा आणि वर येऊन बसायचं. बाबा, हे नियम माजी वादकाच्या वडिलांनाही लागू आहेत. खाली जाऊन मास्तरांना ओळख सांगू नका.

आणि ओजस कुठे आहे ते शोधत बसू नका. सारखे कपडे, सारखी टोपी, तुरा, त्यात तो ७० मीटरवरून ओळखू येणार नाही, आणि यायलाही नको. ओळखू आला तर त्याचा अर्थ त्याचं पाऊल, नाहीतर त्याची काठी, बाकीच्यांपेक्षा वेगळी चालली आहे. तुमचं सगळं लक्ष त्याच्यावर राहिलं तर ते वळण बघायचं राहून जाईल. परतताना तो विचारेल, 'मला पाहिलं का?' तेव्हा 'तुमची तिसरी रांग सरळ वळली' असं सांगा. त्याला ते पुरेल. तो तिसऱ्या रांगेतच आहे, मी विचारून घेतलंय.

बाबा, माझ्या जुन्या ड्रमची किल्ली माळ्यावरच्या निळ्या पत्र्याच्या पेटीत आहे, सेफ्टी पिनांच्या डब्याखाली. चौकोनी भोकाची आहे, त्याच्या बोल्टांना लागते का ते आजच बघा. नाही लागली तर कळवा, मी इथून घेऊन येते. आई, त्याच पेटीत काळी चिकटपट्टी आणि पांढरा दोरा असेल, तोही पिशवीत टाक. पाण्याच्या दोन बाटल्या आणि संत्री घे. संत्री त्याची पाळी झाल्यावरच.

तुमची,
मीनू